न पाहिलेल्या वस्तूचा लिलाव

आमच्या एका उपदेशक बंधूंनीं आम्हांस एक पत्र पाठविलें आहे. त्यांच्या बहिणीचा मुलगा अमेरिकेंत नोकरीस आहे, व तो गेल्या नाताळांत गांवीं आला होता. एके रात्रीं जेवणें झाल्यावर तो सहज म्हणाला, "मामा, मीं मागें ८० डॉलर देऊन एक संघ विकत घेतला, आणि हातीं कांहीं आलें नाहीं." मामांस वाटलें कीं मुलगा फसला. "कोणी फसविलें?" असें त्यांनीं विचारलें. "कोणींच नाहीं," भाचा म्हणाला. "सर्व कांहीं माझ्या डोळ्यांसमोर झालें. तीस जणांनीं पैसे भरले. तिसांनाही ठाऊक होतें कीं बहुतेकांस कांहीं मिळणार नाहीं. आणि चक्र खरेपणानें फिरलें. मग ह्यांत वाईट कोठें आहे, तें तुम्ही सांगा." मामांस उत्तर सुचलें नाहीं. तो प्रश्न त्यांनीं आमच्याकडे पाठविला आहे, आणि पत्राच्या शेवटीं आणखी एक लहानसा प्रश्न जोडला आहे. त्याकडे आम्ही मागाहून येऊं.

आमच्या खेड्यांतील पुष्कळ वाचकांस हा व्यवहारच ठाऊक नसेल, म्हणून आधीं तो सांगितला पाहिजे. कार्डें म्हटल्यावर खेळावयाचे पत्ते असें कोणी समजूं नये. अमेरिकेंत बेसबॉल, बास्केटबॉल वगैरे खेळांतील खेळाडूंचीं चित्रें जाड कागदावर छापून बंद पाकिटांतून विकतात. पाकिटें खोक्यांत भरितात, आणि खोके पेटींत. बहुतेक कार्डें ढीगभर छापलेलीं असतात. परंतु एखाद्यावर खेळाडूची खरी सही असते, एखाद्यांत त्याच्या अंगांतील सदऱ्याचा तुकडा बसविलेला असतो, आणि एखाद्यावर असा आंकडा असतो कीं, तसें दुसरें कार्ड सर्व जगांत नाहीं. बाहेरून मात्र सर्व पाकिटें सारखीं.

आतां विकणारा काय करितो? तो एक अखंड पेटी घेतो, आणि ईबे किंवा व्हॉटनॉट अशा इंटरनेटवरील बाजारांत कॅमेऱ्यापुढें बसतो. तेथल्या मोठ्या बास्केटबॉल स्पर्धेंत ३० संघ आहेत, म्हणून तो ३० जागा विकतो. पेटींतून ज्या संघाच्या खेळाडूंचीं कार्डें निघतील, तीं त्या संघाची जागा घेणाऱ्याचीं. ह्यास तिकडे ब्रेक, म्हणजे खोका फोडणें, असें म्हणतात. कधीं कधीं गिऱ्हाइकास संघ निवडूं देतात. मग ज्या संघांत नांवाजलेला नवा खेळाडू असेल त्याचा भाव चढतो. परंतु पुष्कळदां संघही निवडूं देत नाहींत. नुसत्या जागेचा लिलाव पुकारतात. बोली एखाद्या डॉलरापासून सुरू होते, घड्याळ थोडेच सेकंद चालतें, आणि बोली जिंकल्यावर यंत्र सांगतें कीं तुमच्या वांट्यास अमुक संघ आला. म्हणजे दैवास दोनदां विचारावयाचें. एकदां संघासाठीं आणि एकदां पाकिटासाठीं. भाच्याच्या वांट्यास बोस्टनचा संघ आला. पेटी फुटली. बोस्टनच्या कोणाची सही निघाली नाहीं. जीं दोनचार साधीं कार्डें निघालीं, तीं त्याच्याकडे टपालानें आलींच नाहींत. कारण फक्त मोलाचीं कार्डें पाठविलीं जातील अशी अट आधींच सांगितली होती, आणि अशी अट घालण्याची चाल त्या धंद्यांत पुष्कळ आहे. ह्या अटीकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. आमच्या मतें प्रश्नाची किल्ली तेथेंच आहे.

हा धंदा एका दिवसांत ह्या थरास आला नाहीं. १८८० च्या दशकांत व्हर्जिनियांतील रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर वगैरे तंबाखूच्या कंपन्या सिगारेटच्या पाकिटांत अशीं चित्रें घालीत; पाकीट ताठ राहावें हाही त्यांचा एक उपयोग होता. १९०९ ते १९११ ह्या सालांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें जी माला काढिली तींत पिट्सबर्गच्या होनस वॅग्नर ह्या खेळाडूचें कार्ड होतें. त्याचें छापणें लौकरच थांबलें. कोणी सांगतात कीं आपल्या चित्रापायीं मुलांनीं तंबाखू घ्यावी हें त्यास रुचलें नाहीं. कोणी सांगतात कीं त्यास मोबदला हवा होता. तें कसेंही असो, त्या कार्डाच्या थोड्याच प्रती राहिल्या, आणि २०२२ सालीं त्यांतील एक ७२ लाख ५० हजार डॉलरांस विकली गेली. पुढें तंबाखूची जागा च्युइंगमनें घेतली. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीनें १९५२ सालीं बेसबॉलच्या कार्डांची मोठी माला काढिली; तींतील पुष्कळ माल विकला गेला नाहीं, आणि त्याच कंपनीच्या साय बर्गर ह्या गृहस्थानें १९६० सालीं तो नावेंत घालून अटलांटिक समुद्रांत बुडविला. त्याच मालेंतील मिकी मँटल ह्या खेळाडूचें एक कार्ड २०२२ च्या ऑगस्टांत १ कोटि २६ लाख डॉलरांस गेलें.

त्या जुन्या दुर्मिळतेंत कोणाचा डाव नव्हता. आयांनीं केर काढतांना कार्डें फेकून दिलीं, मुलांनीं तीं आवाज यावा म्हणून सायकलीच्या चाकांत खोंवलीं, कंपनीनें समुद्रांत टाकिलीं, आणि जीं उरलीं तीं दुर्मिळ झालीं. परंतु ह्या किंमती लोकांच्या कानीं पडल्यावर सर्वच जण कार्डें जपूं लागले, कंपन्याही अतोनात छापूं लागल्या, आणि जपलेल्या ढिगास कोणी विचारीना. तेव्हां कारखानदारांनीं निराळी युक्ति काढिली. १९९० सालीं अपर डेक कंपनीनें रेजी जॅक्सन ह्या खेळाडूच्या खऱ्या सहीचीं २,५०० कार्डें आपल्या पाकिटांतून विखरून टाकिलीं. तेव्हांपासून दुर्मिळता ही काळाच्या हातून न होतां छापखान्यांत तयार होऊं लागली. आणि इतक्या पाकिटांत एक असें प्रमाणही पाकिटाच्या पाठीवर छापूं लागले.

२०२० सालीं महामारींत लोक घरीं बसले, तेव्हां ह्या बाजारास भरती आली. २०२१ च्या मे महिन्यांत विस्कॉन्सिनमधील एका दुकानाच्या आवारांत कार्डांवरून मारामारी झाली, आणि टार्गेट ह्या मोठ्या दुकानदार कंपनीनें कांहीं काळ आपल्या दुकानांत हीं कार्डें ठेवणेंच बंद केलें. पुढें २०२४ च्या नाताळांत लॉस एंजेलिसकडील अकरा वर्षांच्या एका मुलास बेसबॉलपटु पॉल स्कीन्स ह्याच्या पहिल्या सामन्यांतील सदऱ्याची पट्टी असलेलें, जगांत एकच असलेलें कार्ड सांपडलें. खेळाडूच्या पिट्सबर्ग संघानें त्याबद्दल तीस वर्षांचीं सामन्यांचीं तिकिटें देऊं केलीं होतीं. तें कार्ड २०२५ च्या मार्चांत ११ लाख १० हजार डॉलरांस विकलें गेलें. ही बातमी सर्व वर्तमानपत्रांनीं छापिली, आणि ती खरी आहे. ज्यांनीं तेच खोके उघडले आणि ज्यांस कांहीं मिळालें नाहीं, त्यांच्या घरची बातमी कोण छापणार?

आतां भाच्याच्या बाजूनें जितकें बोलतां येईल तितकें बोलूं. तो म्हणतो कीं मी शहाणासुरता आहें, पैसा माझ्या कष्टाचा आहे, विकणाऱ्यानें कांहीं लपविलें नाहीं. हें सर्व खरें मानूं. अमेरिकेंतील कायद्याच्या दृष्टीनें जेथें मोबदला, दैव आणि बक्षीस हीं तिन्ही एकत्र येतात तेथें लॉटरी होते. तेव्हां एकच ओळखीचें कार्ड पुढें ठेवून शंभर जणांस आंकडे विकणें ही लॉटरी होय, ह्याविषयीं फारसा वाद नाहीं. परंतु पाकीट घेणाऱ्यास कांहीं तरी मिळतेंच, म्हणून ही विक्री होय, असा विकणाऱ्यांचा बचाव आहे. १९९० च्या दशकांत कित्येक गिऱ्हाइकांनीं कार्डकंपन्यांवर फिर्यादी केल्या कीं हा जुगार आहे आणि त्यांत आमचें नुकसान झालें. २००२ सालीं नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानें त्यांस परत लाविलें. न्यायालयाच्या म्हणण्याचा भाव असा कीं, तुम्ही जेव्हां पाकीट घेतलें तेव्हां आठदहा कार्डें आणि त्यांत एखादें मोलाचें असण्याचा संभव, इतकेंच तुम्ही विकत घेतलें. तें तुम्हांस मिळालें. पाकीट उघडल्यावर झालेली निराशा म्हणजे मालमत्तेचें नुकसान नव्हे.

आम्ही कायदेपंडित नाहीं, व त्या निकालाशीं आमचें भांडणही नाहीं. उलट त्यानें एक गोष्ट स्पष्ट झाली. गिऱ्हाईक दोन वस्तु घेतो: कार्डें आणि संभव. आतां भाच्याच्या सौद्याकडे पाहा. कार्डें तर त्यास पाठविलींच नाहींत, आणि त्यानेंही तीं मागितलीं नाहींत. ज्या खेळाडूंवर ह्या सर्व लोकांचें प्रेम आहे असें म्हणावयाचें, त्यांचीं चित्रें केराच्या टोपलींत गेलीं. मग ८० डॉलरांत विकत घेतलें काय? केवळ तो संभव. मालाची विक्री असती तर माल कोणी टाकून दिला नसता.

लिलाव म्हणजे काय हें आमच्या शेतकरी वाचकांस अमेरिकेच्या लोकांपेक्षां अधिक ठाऊक आहे. बाजार समितींत कांद्याची गाडी येते, कांदा खालीं ओततात, व्यापारी मूठभर उचलून पाहतो, दाबून पाहतो, मग बोली लावितो. बोली चढते ती मालाकडे पाहून. येथें जागेवर बोली लागते, परंतु त्या जागेत कोणता संघ आहे हें बोली लावणाऱ्यास ठाऊक नाहीं, विकणाऱ्यासही नाहीं. आणि डोळे मिटून विचार करावा तर घड्याळ तितका अवकाश देत नाहीं. रूप लिलावाचें, आणि आंत जत्रेंतला सोरटवाला बसलेला.

परंतु, भाच्यानें मामांस विचारलें, शास्त्रांतही चिठ्ठ्या टाकिल्या आहेत ना? यहोशवानें भूमि चिठ्ठ्यांनीं वांटिली. मत्थियाची नेमणूक चिठ्ठीनें झाली. प्रश्न योग्य आहे, आणि ज्या उपदेशकांनीं नुसतें "दैवावर टाकणें पाप आहे" असें शिकविलें असेल त्यांस तो अडचणींत घालील. आम्हांस वाटतें कीं दैवावर टाकणें हें स्वतः पाप नाहीं. भूमि आधींच सर्वांची होती. कोणास कोणता तुकडा द्यावा ह्यांत तोंडदेखलेपणा होऊं नये म्हणून चिठ्ठी टाकिली. आपल्याकडे बायका भिशी घालितात, तेथेंही दर महिन्यास चिठ्ठी निघते. परंतु शेवटीं प्रत्येकीस आपले भरलेले पैसे मिळतात. चिठ्ठीनें ठरतो तो केवळ क्रम. अशा ठिकाणीं दैव हें मापाचें काम करितें. त्यानें कोणी भिकेस लागत नाहीं.

ब्रेकमध्यें काय होतें? सोईसाठीं असें समजूं कीं तिसांनींही ८० डॉलर दिले, जमले २,४००. पेटी २,००० ची. विकणाऱ्यास ४०० राहिले, त्यांतून त्यानें बाजाराच्या धन्यास दलाली दिली. आंतील सर्व कार्डांचें मोल १,५०० निघालें असें धरूं, आणि तें तिघांच्या संघांत पडलें. कधीं एखादी पेटी दसपटही निघते. परंतु विकणारा बहुधा पेटी स्वतःसाठीं न फोडतां जागा विकतो, ह्यावरून हिशेब कोणीकडे कलतो हें दिसतें. आमच्या समजुतींतल्या ह्या पेटींत सत्तावीस जण रिकाम्या हातानें उठले. त्या तिघांस जें मिळालें तें सत्ताविसांच्या खिशांतून आलें. दुसरीकडून कोठून येणार?

कोणी म्हणेल, मग शेतीचें काय? पाऊस हाही जुगारच आहे, बियाणें मातींत टाकून वाट पाहणें आणि पाकीट फोडून पाहणें ह्यांत भेद तो काय? भेद पुष्कळ आहे. पावसाची अनिश्चितता शेतकऱ्यानें निर्माण केली नाहीं, आणि ती जावी म्हणून तो विहीर खणतो, बांध घालितो. पाकिटांतील अनिश्चितता मुद्दाम घडविलेली असते. ती नाहींशी केली, कार्डें उघडीं करून मांडलीं, तर धंदाच बसतो. दुसरें असें कीं, माझें पीक चांगलें आलें म्हणून शेजाऱ्याचें जळत नाहीं. दोघांचींही कणगीं भरावीं अशी प्रार्थना आम्ही करूं शकतों. तीस जणांच्या त्या मंडळींत बसून "आम्हां सर्वांस चांगलें मिळो" असें कोणास मनापासून म्हणतां येईल काय? तेथें माझी आशा म्हणजेच तुझी निराशा. आम्हांस ह्या सर्व प्रकरणांत हीच गोष्ट अधिक टोंचते. पैशाच्या हानीपेक्षां ती मोठी आहे, कारण जिंकणाराही तींतून सुटत नाहीं.

"परंतु सर्वांची संमति होती." होय, होती. कौरवांच्या सभेंत धर्मराजही राजीखुशीनेंच बसला होता. ती गोष्ट सांगणारे म्हणतात कीं शकुनीनें कपट केलें. बरें, फांसे खरे होते असें क्षणभर धरूं. मग द्रौपदीस पणास लावणें योग्य ठरलें असतें काय? फांशांचा खरेपणा हा खेळाचा गुण आहे. पणाचा योग्यायोग्यपणा त्यानें ठरत नाहीं. भाच्याच्या घरीं बायको आहे, लहान मूल आहे, आणि गांवीं म्हातारी आई आहे. त्या सर्वांची संमति त्या थोड्या सेकंदांत कोणीं घेतली? आणि संमति ही सवड असतां दिलेली गोष्ट असते. घड्याळ उलटें चालवून, "गेली, गेली" असें ओरडून जी काढून घेतात तिला संमति म्हणण्यास आमचें मन कचरतें.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आम्हीही लहानपणीं क्रिकेटपटूंच्या चित्रासाठीं बबलगम घेत असूं, गम तोंडांत आणि चित्र वहींत. हवें तें चित्र न निघाल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां दुकानाच्या पायरीशीं. तो जुगार होता काय? रेघ नेमकी कोठें ओढावी हें आम्हांस सांगतां येत नाहीं. इतकें आठवतें कीं नको असलेलीं चित्रेंही आम्ही टाकीत नसूं. दुहेरी निघालेलें शेजारच्या मुलास देऊन त्याच्याकडचें घेत असूं, आणि त्या अदलाबदलींत दोघांचीही वही भरत असे. अमेरिकेंतही कार्डें जमविणारे असे पुष्कळ आहेत, आणि ते नवशिक्यांस हेंच सांगतात कीं हवें तें कार्ड उघडें पाहून घ्या. त्यांच्या छंदाविरुद्ध आमचा एक शब्दही नाहीं.

कायद्याकडे मात्र ह्या बाबतींत फार पाहूं नये. भारतांत २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, तो चांगला झाला; परंतु १९६९ सालीं महाराष्ट्र सरकारनेंच स्वतःची लॉटरी सुरू केली होती, हेंही वाचकांस आठवत असेल. सरकारची नाणीं जशीं बदलतात तसें हें बदलत असतें.

भाच्यास काय सांगावें? त्यास चोर किंवा जुगारी म्हणूं नये. तो प्रामाणिक आहे, नाहीं तर त्यानें ही गोष्ट मामांस सांगितलीच नसती. त्यास इतकेंच विचारावें कीं, त्या रात्रीं ज्याच्या संघांत सही निघाली त्याचें नांव दिसलें, तेव्हां त्यास आनंद झाला काय? आणि सही आपल्याच संघांत निघाली असती, तर एकोणतिसांपैकीं एकाचें तरी नांव त्यास आठवलें असतें काय?

आतां तो दुसरा प्रश्न. मंडळींत कापणीच्या सणास एका बंधूनें बोकड अर्पण केला आहे. दरवर्षीं अशा वस्तूंचा लिलाव होतो. यंदा तरुणांचें म्हणणें असें कीं, वीस वीस रुपयांच्या चिठ्ठ्या विकल्या तर लिलावापेक्षां पुष्कळ अधिक पैसा जमेल, आणि तो देवळाच्या छपरालाच लागणार आहे. तरुणांचा हिशेब बरोबर आहे. पैसा अधिक जमेल ह्यांत आम्हांस शंका नाहीं. ज्यास छपरासाठीं वीस रुपये द्यावयाचे असतील त्यानें ते पेटींत टाकावे, बोकड मधें कशाला? आमचें मत असें कीं बोकड आवारांत खुंट्यास बांधावा, ज्यास पाहिजे त्यानें त्याचे दांत पाहावे, पाठीवर हात फिरवून वजन अजमावावें, आणि मग सावकाश पुकारा करावा. भाचा त्या दिवशीं फोनवर असेल तर त्यासही बोली लावूं द्यावी. कॅमेरा मात्र बोकड नीट दिसेल इतका जवळ धरावा.